आधी ड्युटी लिस्ट, मग नेतृत्व

नागपुरातल्या सुमारे तीनशे खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयात नर्सिंगच्या मनुष्यबळाचं वार्षिक नियोजन आणि नव्या इन्चार्ज सिस्टर्सची तयारी ही दोन्ही कामं आम्ही एकत्रच हाती घेतली. बहुतेक ठिकाणी ती वेगवेगळी चालतात. पदांचा हिशोब एचआर करतं, आणि नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणजे शनिवारी दुपारी हॉलमध्ये संवादकौशल्यावर एक व्याख्यान, चहा-समोसा, प्रमाणपत्र. एचआरला वॉर्डातलं काम दिसत नाही. व्याख्यान ऐकून आलेल्या सिस्टरला आपल्या वॉर्डात नेमके किती हात कमी पडतात ते आकड्यात सांगता येत नाही. म्हणून ज्यांना पुढे इन्चार्ज करायचं त्यांच्याच हातून त्यांच्या वॉर्डाची मोजणी, ड्युटी लिस्ट आणि पदांची मागणी करून घ्यायची, असं ठरलं. तो सगळा क्रम इथे मांडतो आहोत. जिथे गाडी अडते तिथे जरा जास्त थांबलो आहोत.

सुरुवात एका प्रश्नाने होते. एक जागा चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायला किती नर्सेस लागतात? पाळ्या तीन म्हणून ‘तीन’ हे उत्तर सर्रास येतं. सुट्ट्या आठवणारी ‘चार’ म्हणते. मग कागदावर मांडायला लावायचं. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८, सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्या १०, आजारपण ७, प्रशिक्षण ५, असे ११२ दिवस वजा. उरले २५३. आठ तासांच्या पाळीने २,०२४ तास. जागा मात्र वर्षाला ८,७६० तास भरलेली हवी. भागाकार ४.३३. ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) द्यायला-घ्यायला प्रत्येक पाळीला अर्धा तास धरला तर दिवसाचे २५.५ तास होतात आणि उत्तर ४.६ वर जातं. रजांचे आकडे ज्याने त्याने आपल्या संस्थेच्या नियमांप्रमाणे बदलायचे. सरकारी नोकरीत अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, तिथे आजारपणाचा रकाना फुगतो. बाळंतपणाची रजा या ११२ मध्ये मुद्दाम धरलेली नाही, तिच्याकडे पुढे येऊ.

एक सावधगिरी इथेच. पाळ्या मोजू नयेत, तास मोजावेत. अनेक रुग्णालयांत सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८ आणि रात्र ८ ते सकाळी ८ अशी वाटणी असते. कागदावर तिन्ही पाळ्या सारख्या दिसतात, पण रात्रीची एक पाळी सकाळच्या दोन पाळ्यांएवढी असते. पाळ्यांवरून हिशोब केला की महिनाभर नाइट केलेली आणि महिनाभर मॉर्निंग केलेली नर्स एकाच तागडीत बसते, आणि तिथून भांडणं सुरू होतात. खालची उदाहरणं सोपी जावीत म्हणून सगळ्या पाळ्या आठ तासांच्या धरल्या आहेत.

आता ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड घ्या. सकाळी ५, दुपारी ४, रात्री ३, म्हणजे दिवसाला १२ पाळ्या. वर्षाच्या ४,३८०. भागिले २५३ केलं की १७.३ येतात, इन्चार्ज वेगळी. अशा वॉर्डाला १४ जणी दिलेल्या असल्या तर प्रशासनाला अगदी प्रामाणिकपणे वाटतं की लागतात १२, आपण तर दोन जास्तच दिल्या. पण १४ गुणिले २५३ म्हणजे ३,५४२. तूट ८३८ पाळ्यांची, रोज दोनाहून अधिक. ही तूट कुठेतरी भरून निघतेच. डबल ड्युटी होते, डे ऑफ रद्द होतो, नाहीतर रात्री तिघींऐवजी दोघी असतात. हजेरीपटावर सगळं सुरळीत दिसतं.

निकष कोणता लावायचा यावर वाद घालण्याआधी तो निकष नीट वाचावा. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचे, म्हणजे ज्यांना सगळे ‘एसआययू’ म्हणतात ते निकष १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे आहेत. सर्वसाधारण वॉर्डाला १:६ (सहा खाटांमागे एक नर्स), बालरोग, बर्न्स, न्यूरो अशा विशेष वॉर्डांना १:४, नवजात कक्षाला १:२, आयसीयूला १:१, मोठ्या शस्त्रक्रियेला टेबलामागे २, आणि वर सुट्ट्या-रजांपोटी ४५ टक्के पदं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण-रुग्णालयांसाठी १:३ आणि इतरांसाठी १:५, अधिक ३० टक्के राखीव.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे १:६ हे प्रत्येक पाळीचं धरायचं की चोवीस तासांचं मिळून? एका वाचनात ३० खाटांना ५ पदं येतात, दुसऱ्या वाचनात दिवसाला १५ पाळ्या. फाइलींत दोन्ही वाचनं सापडतात आणि ज्याला जे सोयीचं ते तो उचलतो. प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत कोणतं वाचन धरलं आहे ते लिहिलं की पुढची अर्धी चर्चा वाचते. दुसरं, ४५ टक्के लावायचे किंवा आपला २५३ दिवसांचा हिशोब लावायचा. दोन्ही लावले की अकाउंट्सवाले पहिल्या पानावरच प्रस्ताव परत पाठवतात, आणि ते बरोबरच असतात. गंमत अशी की ३६५ भागिले २५३ केलं की १.४४ येतं. ४५ टक्के कोणी हवेतून काढलेले नाहीत. तिसरा मुद्दा नेतृत्वाशी थेट जोडलेला आहे. एसआययूने सिस्टर आणि स्टाफ नर्स यांची पदं एकत्र मोजली आणि एकूण पदांतली ३० टक्के सिस्टरची असावीत असं म्हटलं. बढती मिळून सिस्टर झाल्यावरही नर्स बेडसाइड काम करत राहील, हे त्यामागचं गृहीतक. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की इन्चार्ज सकाळच्या पाचांतलीच एक धरली जाते, तिच्या वाट्याला सहा पेशंट येतात आणि देखरेख कागदावर राहते. आमचं मत स्पष्ट आहे: वीस खाटांच्या वरच्या वॉर्डात सकाळच्या पाळीत इन्चार्जला पेशंट देऊ नयेत. द्यायचेच असतील तर तिच्याकडून ऑडिट, इंडेंट (सामानाची मागणी) आणि नव्या मुलींचं शिक्षण यांची अपेक्षा ठेवू नये.

खाटांवरून आलेला आकडा हा अंदाज असतो. खरं काम पेशंटच्या अवस्थेवर ठरतं, म्हणून पुढची पायरी पेशंटच्या वर्गवारीची. सलग १४ दिवस, दिवसातून तीनदा, सकाळी १०, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता प्रत्येक पेशंटसमोर एक खूण: स्वतःचं स्वतः करणारा, अर्धा अवलंबून, पूर्ण अवलंबून. व्याख्या एका ओळीत बसली पाहिजे. बाथरूमला स्वतः जातो का, स्वतः जेवतो का, दोन तासांनी कूस बदलावी लागते का, ऑक्सिजन किंवा इन्फ्युजन पंप आहे का. व्याख्या पक्की झाली की नाही ते तपासायला दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता तोच वॉर्ड भरायचा. पाचातल्या एकाहून जास्त पेशंटवर मतभेद निघाला तर व्याख्या पुन्हा लिहायची, मोजणी पुढे ढकलायची. आकडा फुगवण्याचा मोह इथे जबर असतो. स्टाफ वाढवून मिळेल म्हणून ‘पूर्ण अवलंबून’ची संख्या फुगते. नर्सिंग सुपरवायझरने रोज पाच खाटा अचानक तपासल्या की ती आपोआप जागेवर येते.

मग वेळ मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ नावाची पद्धत आहे, तिची सुधारित पुस्तिका २०१० ची. तिचा गाभा सोपा आहे: एका नर्सचे वर्षातले उपलब्ध तास, प्रत्येक कामाला लागणारा वेळ, आणि वर्षभरात ते काम किती वेळा होतं. घड्याळ घेऊन मागे उभं राहिलं की पहिला आक्षेप येतो, ‘मॅडम, तुम्ही बघता म्हणून ती हळू करते आहे.’ खरं आहे. कोणी बघत असलं की हात नीट धुतले जातात, नाव दोनदा विचारलं जातं, वेळ वाढतो. पण विस्नला तोच वेळ हवा असतो, म्हणजे काम योग्य दर्जाने केलं तर लागणारा वेळ. घाईत उरकलेल्या कामाचा वेळ धरला तर आजची कमतरताच उद्याचा निकष बनते.

एक काम जवळून पाहा. सेफ्ट्रियाक्सोनचा एक ग्रॅमचा डोस. औषधाच्या चार्टवर डोस आणि वेळ पाहायची, पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक मनगटाच्या पट्टीशी जुळवायचा, ॲलर्जी विचारायची. हात धुवायचे. व्हायलमध्ये पाणी घालून पावडर पूर्ण विरघळेपर्यंत फिरवायची, १०० मिलीच्या सलाइनमध्ये सोडायची, बाटलीवर औषध, डोस, वेळ आणि सही असलेलं लेबल लावायचं. कॅन्युला सुजली आहे का, दुखते का ते पाहायचं, फ्लश करायचं, ड्रिप जोडून थेंब लावायचे. अर्ध्या तासाने परत येऊन बंद करायचं, पुन्हा फ्लश, चार्टवर सही. ड्रिप चालते तो अर्धा तास धरायचा नाही. नर्सच्या हातांचा वेळ धरायचा. तो १५ मिनिटं धरला आणि वॉर्डात दिवसाला असे ६० डोस असले, तर नुसत्या याच कामाचे १५ तास होतात. मॉर्निंगच्या पाच जणींच्या चाळीस तासांशी ताडून पाहिलं की सकाळी आठच्या औषधांचा राउंड दहापर्यंत का लांबतो ते कळतं.

विदर्भात एक काम इतर भागांपेक्षा जास्त जागा खातं, ते म्हणजे रक्त देणं. सिकल सेलचे पेशंट इकडे पुष्कळ आहेत. पिशवी आली की दोघींनी मिळून तपासणी, सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबणं, मग ठरावीक अंतराने नाडी, ताप, रक्तदाब. पुण्यामुंबईच्या एखाद्या रुग्णालयाचे तयार तक्ते उचलून आणले की हे काम ‘इतर’ या रकान्यात हरवतं.

आकडेमोड पुढे अशी जाते. समजा ३० पेशंटपैकी १२ स्वतःचं करणारे, त्यांना दिवसाला प्रत्येकी २ तास. १३ अर्धे अवलंबून, ३.५ तास, ५ पूर्ण अवलंबून, ६ तास. बेरीज ९९.५ तास. याशिवाय इंडेंट, रजिस्टरं, ओव्हर, लिनन मोजणं, राउंडला उभं राहणं यात एकूण वेळेचा पाचवा हिस्सा जातो असं धरा. इथे हमखास चूक होते. ९९.५ ला १.२ ने गुणतात. २० टक्के हे एकूण वेळेचे असल्यामुळे भागायला हवं ०.८ ने, म्हणजे गुणायचं १.२५ ने. उत्तर १२४ तास. हातात आहेत १२ पाळ्यांचे ९६. वर्षाच्या हिशोबात २२ जणी लागतात. प्रत्येक पाळीत १:६ धरलं तर १५ पाळ्यांचे १२० तास होतात. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचणं हे मोजणी फार चुकलेली नसल्याचं बरं लक्षण.

पण लगेच ‘आणखी आठ नर्सेस द्या’ म्हणून धावायचं नाही. त्याच निरीक्षणात नर्सेस काय काय करतात ते दिसतं. फार्मसीतून औषध आणणं, लॅबमध्ये रिपोर्टसाठी फोन, टीपीएच्या (विम्याच्या) फाइलला झेरॉक्स, डिस्चार्जच्या बिलासाठी चकरा. प्रत्येक नर्सची पाळीमागे ४० मिनिटं यात गेली तर १२ पाळ्यांचे ४८० मिनिटं, म्हणजे रोजची एक अख्खी पाळी. ही पाळी परत मिळवायला नर्स लागत नाही. एक मामा किंवा मावशी आणि वॉर्डात येणारी फार्मसीची ट्रॉली पुरते. ज्या उमेदवार सिस्टरने आधी मावशी मागितली आणि मग नर्सेस मागितल्या, ती इन्चार्ज होण्याच्या लायकीची आहे असं आम्ही सरळ समजतो.

वर्षाची सरासरी काढली की नागपूरचं कॅलेंडर हरवतं, म्हणून महिन्यांचा वेगळा तक्ता हवा. एप्रिलअखेरपासून जूनच्या पावसापर्यंत उष्माघात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत कोल्ड वॉर्ड उघडतात आणि तिथल्या गंभीर पेशंटला दर १५ मिनिटांनी तापमान पाहावं लागतं. १:६ तिथे चालत नाही. याच दिवसांत दुपारी दोनची पाळी बदलते, म्हणजे येणारी नर्स ४५ अंशांत स्कूटीवर स्टोल गुंडाळून येते. तिच्याकडून आल्या आल्या ओव्हर घेण्याची अपेक्षा ठेवली की अर्धी माहिती वाया जाते. दहा मिनिटं बसणं आणि गार पाणी हे ड्युटीच्या वेळेतच धरावं. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत डेंग्यू आणि स्क्रब टायफस. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, शिवाय पलीकडून बालाघाट, छिंदवाडा, शिवनीचे पेशंट बस-गाडीने निघून दुपारनंतर पोहोचतात. त्यामुळे भरतीचा जोर इथे संध्याकाळी असतो, आणि बहुतेक वॉर्डांच्या लिस्टमध्ये नेमकी दुपारची पाळीच सकाळपेक्षा बारीक असते. भरतीच्या वेळा दोन आठवडे लिहून काढल्या तर सकाळच्या पाचातली एक जण दुपारी १२ ते ८ अशी मधल्या वेळी आणणं पटायला लागतं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, रस्ते बंद, आणि कुठल्यातरी आपत्कालीन पथकासाठी दोन अनुभवी माणसं मागितली जातात.

रजांचंही तसंच. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा पाडवा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दसरा. दसऱ्याला दुहेरी ओढाताण असते: घरच्या सणाची रजा मागणाऱ्या आहेत, दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आहेत, आणि बाहेरगावच्या गर्दीमुळे कॅज्युअल्टीही भरलेली असते. केरळच्या मुलींना ख्रिसमसला चार दिवस देऊन उपयोग नाही, गाडीच्या येण्याजाण्यातच तीन दिवस जातात. वर्षातून एकदाच पण सलग पंधरा दिवस द्यावेत, त्या स्वतःच पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना ड्युटी घ्यायला तयार होतात. ही देवाणघेवाण लेखी असावी.

बाळंतपणाची रजा वॉर्डाच्या हिशोबात बसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ती २६ आठवड्यांची आहे. अठरा जणींच्या वॉर्डात वर्षात दोघींनी घेतली तर पूर्ण एक पद वर्षभर रिकामं. पण कोणत्या वॉर्डात कधी हे आधी कळत नाही, म्हणून ही राखीव माणसं वॉर्डांना न वाटता मॅट्रन (नर्सिंगप्रमुख) ऑफिसकडे एकत्र ठेवायची. या फिरत्या पथकात नवशिक्या भरल्या तर त्याचा उपयोग शून्य. तिथे दोन-तीन विभागांत काम केलेल्या हव्यात, आणि त्यांना थोडा भत्ता हवा, नाहीतर ‘कामचुकार म्हणून फिरवतात’ असा अर्थ निघतो.

कोणत्या वॉर्डात खरी कमतरता आहे हे एका साध्या गोष्टीवरून लवकर कळतं. सीओची, म्हणजे बदली सुट्टीची वही. रद्द झालेल्या सुट्ट्यांच्या बदल्यातले किती सीओ बाकी आहेत ते सगळ्यांचे मिळून काढायचे. रिक्त पदांचा तक्ता मंजूर पदांवर बेतलेला असतो आणि मंजूर पदंच कमी असली तर तो शून्यही दाखवतो. सीओची बाकी खोटं बोलत नाही. दर महिन्याला ती वाढत असेल तर वॉर्ड उधारीवर चालला आहे.

आता माणसं घडवण्याकडे. सरकारी रचनेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे आणि चढण ज्येष्ठतेची. खासगीत बहुधा जी कमी वाद घालते तिला इन्चार्ज करतात. दोन्हींत तयारीचा काळ नसतो. शुक्रवारी स्टाफ नर्स, सोमवारी इन्चार्ज. आम्ही सहा महिन्यांचा क्रम ठेवला. पहिला महिना मोजणीचा, वर सांगितला तसा. दुसऱ्या महिन्यात वस्तू: क्रॅश कार्टची (तातडीच्या औषध-साधनांच्या ट्रॉलीची) रोजची तपासणी, सीलचा नंबर, ॲड्रिनलिनची मुदत, लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटतो का, मॉर्फिन-फेंटानिलची दुहेरी कुलपाची पेटी, रजिस्टर आणि रिकाम्या ॲम्प्यूल परत करणं, इंडेंट आणि साठा. हे नर्सेस पटकन शिकतात, त्यावर फार वेळ घालवू नये. तिसऱ्या महिन्यापासून रविवारची आणि रात्रीची इन्चार्जशिप, पण मॅट्रन ऑफिसचा फोन चालू ठेवून. चौथा आणि पाचवा महिना पूर्णपणे ड्युटी लिस्टचा.

एवढा वेळ का, असं विचारतात. कारण वॉर्डातली सत्ता ड्युटी लिस्टमध्ये असते. इन्चार्ज न्यायी आहे की नाही हे तिच्या भाषणावरून कोणी ठरवत नाही. कोणाच्या वाट्याला किती रविवार आणि किती नाइट आल्या त्यावरून ठरवतात. नियम आधी लिहून भिंतीवर लावायचे. रजेच्या मागण्या आदल्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, लेखी. लिस्ट २५ला लागणार. रात्र संपवून आलेलीला त्याच दिवशी दुपार लावायची नाही. नाइटनंतर ऑफ तोडायचा नाही. प्रत्येक पाळीत किमान एक जण दोन वर्षांच्या वर अनुभवाची. रात्री दोन नवशिक्या एकत्र कधीच नाहीत. लिस्टच्या बाजूला एक तक्ता: प्रत्येकीच्या नाइट, रविवार आणि सणांच्या ड्युट्या, चालू वर्षाच्या बेरजेसह. तो सगळ्यांना दिसला पाहिजे.

बिघडतं कुठे तर अदलाबदलीत. ‘तू माझी मॉर्निंग कर, मी तुझी इव्हनिंग करते’ हे व्हॉट्सॲपवर ठरतं, लिस्टवर येत नाही. पुढे त्या पाळीत पेशंट पडला किंवा औषध चुकलं आणि चौकशी लागली, की लिस्टवर एक नाव आणि चार्टवर दुसरी सही. ड्युटी लिस्ट हा मेडिको-लीगल प्रकरणात मागितला जाणारा कागद आहे. म्हणून अदलाबदल दोघींच्या सहीने, इन्चार्जच्या परवानगीने, मूळ नोंद वाचता येईल अशी एका रेघेने खोडून. व्हाइटनर वॉर्डात ठेवूच नये. दुसरी अडचण दयेची. घरी लहान मूल आहे म्हणून एकीच्या नाइट कमी होतात, मग दुसरीच्या, आणि हॉस्टेलला राहणाऱ्या अविवाहित मुली महिन्याला दहा नाइट करतात. त्या बोलत नाहीत, राजीनामा देतात. सवलत द्यायची तर मुदत घालून, तीन महिन्यांसाठी, आणि तक्त्यात दिसेल अशी.

सहाव्या महिन्यात उमेदवाराने वैद्यकीय अधीक्षक, मॅट्रन आणि अकाउंट्ससमोर दहा मिनिटं आपल्या वॉर्डाची मागणी मांडायची. ‘स्टाफ फार कमी आहे हो सर’ हे वाक्य चालत नाही. ‘वर्षाला ८३८ पाळ्यांची तूट आहे, त्यातली रोजची एक पाळी फार्मसी ट्रॉलीने सुटते, उरलेल्या ४७३ पाळ्यांना दोन पदं लागतात’ हे वाक्य चालतं. अकाउंट्सवाला इथे वही उघडतो. कुणीतरी प्रमाणाचा आणि मृत्यूंचा संबंध काय असं विचारतंच. त्यासाठी लिंडा एकेन यांचा २००२ चा पेन्सिल्व्हेनियातला अभ्यास माहीत असावा: नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून प्रमाण कायद्याने लागू केलं. ही माहिती उत्तरापुरती ठेवावी. तिकडची प्रमाणं आपल्या प्रस्तावात चिकटवली की ‘तिकडचे पगारही द्या मग’ असा टोमणा ऐकावा लागतो. आपल्या वॉर्डाचे बेडसोअर आणि पेशंट पडण्याच्या घटना दर १,००० रुग्णदिवसांमागे किती, हे कमी स्टाफच्या आणि पुऱ्या स्टाफच्या आठवड्यांत वेगळं दाखवलं तर जास्त पटतं.

तयारी झाली आणि अधिकार दिले नाहीत तर इन्चार्ज म्हणजे सह्या करणारी कारकून होते. किमान चार अधिकार लेखी असावेत. नर्सिंगबाहेरचं काम नाकारणं. ठरलेल्या संख्येखाली स्टाफ गेला की मॅट्रन ऑफिसकडून माणूस मागणं, आणि तो अर्ध्या तासात मिळणं. तोही नसेल तर अधीक्षकांना कळवून नव्या भरतीसाठी खाटा तात्पुरत्या बंद ठेवणं. आणि नव्या मुलीला स्वतंत्र पेशंट कधी द्यायचे ते ठरवणं. खाटा बंद करण्याच्या अधिकाराला सगळ्यात जास्त विरोध होतो, विशेषतः ओपीडी जोरात असलेल्या डॉक्टरांकडून. तोंडी परवानगीवर हा अधिकार टिकत नाही, परिपत्रक लागतं.

शेवटचा भाग गळतीचा, आणि तो दुर्लक्षिला तर वरचं सगळं वाया जातं. समजा २४० नर्सेसपैकी वर्षाला ४८ जातात. जागा भरायला दोन महिने आणि नवी मुलगी पूर्ण कामाला लागेपर्यंत आणखी दोन महिने अर्धी क्षमता, म्हणजे प्रत्येक राजीनाम्यामागे तीन महिन्यांचं काम बुडतं. ४८ चा चौथा हिस्सा १२. बारा पदं कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात रिकामी. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरती परीक्षेचा निकाल लागला की राजीनाम्यांची लाट येते, आणि नागपुरातच मिहानमध्ये एम्स झाल्यापासून सामानही हलवावं लागत नाही. जर्मन भाषेचे क्लास किंवा ओईटी (परदेशी नोकरीसाठीची इंग्रजी परीक्षा) लावलेल्या मुली सहसा लपवत नाहीत; इन्चार्जने विचारलं तर सांगतात. त्यामुळे दर तिमाहीला इन्चार्जने कोण वर्षभरात जाण्याची शक्यता आहे याची यादी मॅट्रनला द्यावी, तिचा वापर रजा अडवायला होणार नाही या अटीवर. ही अट एकदा मोडली की यादी कायमची बंद होते.

याच यादीच्या पाठीवर वारसांचा तक्ता असतो. प्रत्येक इन्चार्ज पदासमोर दोन नावं: आज चालवू शकेल अशी एक, वर्षभराने अशी एक. दुसरा रकाना रिकामा असलेल्या वॉर्डातून पुढच्या तुकडीची पहिली उमेदवार घ्यायची. सरकारी रुग्णालयांत एकाच भरतीत आलेल्या बॅचा ५८ व्या वर्षी एकदमच निवृत्त होतात, तिथे हा तक्ता पाच वर्षांचा लागतो. मोजणी सप्टेंबरात केली तर डेंग्यूमुळे आकडा चढतो आणि फेब्रुवारीत केली तर उतरतो, म्हणून आम्ही दोन्ही वेळा करतो आणि प्रस्तावात दोन्ही देतो. अधिवेशनाआधी मसुदा, जानेवारीत सादरीकरण, एप्रिलच्या अंदाजपत्रकात पदं, मे महिन्यात मुलाखती. मुलाखतीला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते तिथेच पाहावं, नाहीतर नूतनीकरण होईपर्यंत रुजू करून घेता येत नाही आणि जूनची माणसं ऑगस्टात मिळतात.